आईसाठी किंडल की टॅब? दुकानात जायच्या आधी पट्टी घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई चिपळूणला असते, वय ६९, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं होऊन दोन वर्षं झाली. वाचनाचा नाद मोठा, जाडजूड कादंबरी तीन दिवसांत संपवते. वाचनालयाचा जिना आता तिला चढवत नाही. तुम्ही ठाण्यात. बजेट आठ हजार. भाऊ म्हणतो किंडल घे, म्हणजे ॲमेझॉनचं फक्त पुस्तकं वाचायचं यंत्र, यजमान म्हणतात फोन आहे की तिच्याकडे, आणि तुमच्या मनात टॅब आहे. शिवाय मराठी पुस्तकं फुकट किंवा स्वस्तात मिळतात का, हेही तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात सत्तावीस वर्षं डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी संगणकावर पानं लावायच्या धंद्यात आहे आणि त्यातली गेली दहा-अकरा वर्षं मराठी पुस्तकांच्या ई-आवृत्त्या तयार करतोय. यंत्रांच्या दुकानदारापेक्षा मला पुस्तकांच्या पोटातलं जास्त माहीत आहे. त्यामुळे माझं उत्तर थोडं उलट्या बाजूने सुरू होतं: यंत्र कोणतं घ्यायचं ते तुम्ही किंवा मी ठरवत नाही, आईला जी पुस्तकं वाचायची आहेत ती ठरवतात.

इंग्रजी वाचणाऱ्याला हा प्रश्न फारसा पडत नाही. त्याला हवं ते बहुतेक पुस्तक दुकानात ई-बुक म्हणून असतं, आणि कोणत्याही यंत्रावर नीट उघडतं. मराठीत तसं नाही. मराठी पुस्तक संगणकावर दोन अगदी वेगळ्या रूपांत भेटतं. एक, वाहता मजकूर. ईपब किंवा किंडलची पुस्तकं या जातीची. अक्षर मोठं केलं की ओळी नव्याने मोडतात, पानं वाढतात, पडदा केवढाही असला तरी मजकूर त्यात बसतो. दुसरं, पानाचं चित्र. पीडीएफ बहुतेक या जातीची, आणि जुन्या पुस्तकांची स्कॅन तर शंभर टक्के. इथे अक्षर मोठं करायचं म्हणजे अख्खं पान मोठं करायचं, आणि मग ते पडद्याबाहेर जातं. ओळ वाचायला बोटाने पान उजवीकडे ढकला, पुढच्या ओळीसाठी परत डावीकडे आणा. अशी कादंबरी कोणी वाचत नाही. मी तर तीन पानांतच सोडून देतो.

मराठीत चित्रंच जास्त का, याचं कारण आमच्याच धंद्यात आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत, रुळायच्या आधीची साधारण वीस वर्षं पुस्तकं श्री-लिपी, आकृती अशा फॉन्टांत, पेजमेकर नावाच्या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये लागत होती. पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत इंग्रजी अक्षरांचे सांकेतिक आकडे असायचे. ती फाइल आज नुसती उघडली तर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. तिचं युनिकोड करायला प्रोग्राम आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. एकदा एका कादंबरीच्या रूपांतरात लग्नाच्या पंगतीच्या प्रसंगात ‘आचार्यांना शिधा काढून दिला’ असं आलं. मूळ पुस्तकात ‘आचाऱ्यांना’ होतं. दऱ्याखोऱ्यांतल्या दऱ्यांचाही असाच दर्या होतो. हे पकडायला माणसाला ओळ न् ओळ वाचावी लागते, आणि त्याचे पैसे पडतात. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती काढणारा प्रकाशक साहजिकच विचारतो, ‘ई-बुक खपणार किती?’ म्हणून नवी पुस्तकं वाहत्या मजकुरात येतात, लोकप्रिय जुनी हळूहळू येतात, आणि मधल्या काळातली कितीतरी चांगली पुस्तकं कुठल्याच रूपात नसतात.

मी हे शिकलो ते स्वतः फसून. काही वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीला मी हौसेने सहा इंची ई-रीडर घेतला. आपला जावई ई-बुकांतला जाणकार म्हणून ते खूश. मी रात्रभर जागून त्यात दीडशेच्या वर स्कॅन पुस्तकं भरली. महिन्याने गेलो तर यंत्र पेटीत परत गेलेलं, पेटी देवघराच्या कपाटात. म्हणाले, ‘जावईबापू, वस्तू उत्तम आहे हो. पण पानावर मुंग्या चालल्यात, त्या वाचायच्या कशा?’

मुंग्या कुठून आल्या ते मग मी पट्टीने मोजलं. तुम्हीही मोजा, पाच मिनिटांचं काम आहे. आपली बहुतेक मराठी पुस्तकं डेमी आकाराची, म्हणजे पान साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. समास सोडले तर छापलेला मजकूर सव्वाचार बाय सात इंचांच्या आसपास. सहा इंची पडदा म्हणतात तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सहा इंच. प्रत्यक्षात रुंदी ३.६ इंच आणि उंची ४.८. साडेआठ इंच उंचीचं पान ४.८ इंचांत कोंबलं की सगळं छप्पन्न टक्क्यांवर येतं. चौदा पॉइंटमध्ये (पॉइंट हे छपाईतलं अक्षराचं माप) लावलेलं अक्षर आठ पॉइंटच्याही खाली जातं. आठ पॉइंट म्हणजे वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींचं अक्षर. त्यात स्कॅन धूसर असेल तर ‘ष्ट्य’ आणि ‘ष्ठ्य’ यांतला फरक देवालाच ठाऊक.

आता टॅब मोजा. बाजारात ८.७ इंची टॅब बरेच आहेत. त्यांचा पडदा साधारण साडेचार बाय साडेसात इंच. वाचायच्या ॲपमध्ये पानाचे पांढरे समास कापायची सोय असते. समास कापले की सव्वाचार बाय सातचा मजकूर त्या पडद्यात जसाच्या तसा, छापील आकारात बसतो. ओढाओढी नाही, मुंग्या नाहीत. दहा इंचांच्या वरच्या टॅबवर तर समासासकट अख्खं डेमी पान जवळजवळ मूळ मापात दिसतं. आणि फोन? साडेसहा इंची फोन ऐकायला मोठा वाटतो, पण त्याची उंची वाढवलेली असते, रुंदी मिळते जेमतेम पावणेतीन इंच. समास कापूनही चौदाचं अक्षर नऊच्या आत येतं.

म्हणून खरेदीच्या आधी एक काम करा. आईला फोन करून विचारा की पुढच्या दोन महिन्यांत तुला कोणती दहा पुस्तकं वाचायची आहेत. ‘काहीही चालेल गं’ असं उत्तर येईल, ते घेऊ नका. नावं घ्या. दिवाळी अंक वाचत असेल तर तेही यादीत धरा. मग एकेक नाव किंडलच्या दुकानात, गूगल प्ले बुक्सवर आणि बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानात शोधा, आणि प्रत्येकासमोर लिहा: वाहता मजकूर मिळतो, फक्त पानाचं चित्र मिळतं, किंवा मिळतच नाही. दुकानात मिळालं तर फुकट नमुना उतरवून तुमच्या फोनवर अक्षर मोठं करून बघा. ओळी नव्याने मोडल्या तर वाहता मजकूर, पान नुसतं फुगलं तर चित्र.

शेजारच्या एका काकूंसाठी मी अशी यादी केली होती. दहातली तीन पुस्तकं वाहत्या मजकुरात, चार स्कॅन, तीन कुठेच नाहीत. दुसऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना अनुवादित रहस्यकथा आणि नव्या कादंबऱ्याच हव्या होत्या, त्यांची दहातली आठ किंडलवर निघाली. दोघांचं वय सारखं, चष्मा सारखा, आणि दोघांना मी वेगवेगळी यंत्रं सुचवली. तुमच्या यादीत सात किंवा जास्त पुस्तकं किंडलच्या दुकानात निघाली तर भावाचं ऐका. निम्मी किंवा जास्त पीडीएफ असतील तर टॅब.

भावाच्या बाजूने जे खरं आहे ते सांगतो, कारण ई-इंक, म्हणजे किंडलसारख्या यंत्रांचा पडदा, ही गोष्ट मला मनापासून आवडते. त्या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत काळे-पांढरे कण. विजेने ते वर-खाली होतात आणि एकदा जागेवर बसले की तसेच राहतात. वीज खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना. म्हणून बॅटरी आठवडे चालते, आणि कोकणात पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस गुल होते तेव्हा याची किंमत कळते. उन्हात, पडवीत बसूनही अक्षर कागदासारखं दिसतं. वजन दीडशे-दोनशे ग्रॅम, एका हातात धरून आडवं पडून वाचता येतं. तुमच्यासाठी आणखी एक सोय: ठाण्यात बसून तुम्ही पुस्तक विकत घ्यायचं किंवा ईपब फाइल ईमेलने पाठवायची, की वाय-फाय मिळताच आईच्या यंत्रात हजर. ईपब पाठवायची ही सोय २०२२पासून आहे. आईला काही दाबायला नको.

मराठीला किंडलची दारं अधिकृतपणे उघडली २०१६च्या डिसेंबरात, तेव्हा पाच भारतीय भाषांची पुस्तकं तिथे आली. तेव्हापासून संग्रह बराच वाढला आहे. पण दोन अडचणी आहेत. पहिली, किंमत. किंडलचं पेपरव्हाइट हे नवं मॉडेल २०२५मध्ये भारतात आलं ते सतरा हजारांच्या घरात. साधं, स्वस्तातलं किंडल मधूनच मिळतं आणि मधूनच गायब होतं. आठ हजारांत नवं मिळणं कठीण. दुसरी अडचण, पुस्तक त्यांच्याच अंगणात राहतं. विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून ठेवायची सोय होती, ती २०२५च्या फेब्रुवारीत बंद झाली. आईला त्याने फरक पडणार नाही, पण ‘माझी पुस्तकं माझ्या कपाटात’ असं मानणारे असाल तर माहीत असावं.

जुनं, वापरलेलं किंडल तीन ते पाच हजारांत मिळतं, आणि बजेट कमी असताना तो मार्ग वाईट नाही. फक्त घेताना काही गोष्टी बघा. आधीच्या मालकाने आपलं खातं काढून टाकलंय ना. पडद्यावर मेलेली आडवी-उभी रेघ नाही ना. आणि पडद्याची बारकाई किती आहे. जुन्या साध्या किंडलवर इंचाला १६७ ठिपके आहेत, नव्यांवर ३००. इंग्रजीला १६७ चालून जातं. आपल्या जोडाक्षरांना आणि रफारांना ते कमी पडतं, लहान अक्षरात जास्तच. फार जुन्या मॉडेलवर तर वेलांट्या-मात्रा आपापल्या जागी बसतच नाहीत. मी नेहमी एकच ओळ उघडून बघतो: ‘दुसऱ्या तऱ्हेच्या वाङ्मयात विठ्ठल, शृंगार, ऱ्हास.’ ही ओळ सरळ दिसली तर यंत्र मराठी वाचणाऱ्याच्या कामाचं.

टॅबवर येतो, कारण तुमच्या आईसाठी माझा कौल तिकडे झुकतोय. दोन कारणं. तिच्या वाचनात जुन्या कादंबऱ्या आणि दिवाळी अंक नक्की असणार, असा माझा अंदाज आहे. दिवाळी अंक डेमीपेक्षा मोठ्या आकाराचे, बहुतेक दोन स्तंभांत लावलेले आणि पीडीएफमध्येच मिळतात. सहा इंचांवर त्यांचं काहीच होत नाही. दुसरं, टॅबवर सगळी दुकानं एकत्र चालतात. किंडलचं ॲप, प्ले बुक्स, बुकगंगा, आणि तुम्ही स्वतः भरलेल्या फाइली. आज हे नाही सापडलं तर ते.

नवा ८.७ इंची, फक्त वाय-फायवाला टॅब ऑनलाइन सेलमध्ये आठ ते अकरा हजारांत बसतो, म्हणजे तुमच्या बजेटच्या काठावर किंवा थोडा पुढे. सिमवाला घेऊ नका, हजार-दोन हजार वाया जातात. रॅम चार जीबी हवीच. स्कॅन पुस्तकाची फाइल पन्नास-साठ एमबीची सहज असते, आणि कमी रॅमच्या टॅबवर पान उलटलं की पांढरा पडदा बघत बसावं लागतं. मेमरी कार्ड बसतं ना ते बघा. दहा इंची दिसायला मोहक, पण वजन अर्ध्या किलोच्या आसपास जातं, आणि या वयात मनगट लगेच भरून येतं. ८.७ इंची सव्वातीनशे-साडेतीनशे ग्रॅमचा, म्हणजे मध्यम जाडीच्या पुस्तकाएवढा. तरीही पोथी वाचताना ठेवतात तसा एक घडीचा स्टँड टेबलावर ठेवा. आईला ती बैठक ओळखीची असेल.

यजमानांच्या फोनच्या सल्ल्याबद्दल एवढंच: रोजच्या वाचनाला नको, पण चाचणीला उत्तम. आहे त्या फोनवर एक पुस्तक पंधरा दिवस वाचू द्या, पैसे शून्य. बोटाने पान उलटणं तिला जमतंय का, अक्षर केवढं लागतंय, मुळात पडद्यावर वाचायला आवडतंय का, हे कळेल. काही लोकांना नाहीच आवडत. त्यांच्यासाठी आठ हजारांत छापील पुस्तकं घ्यावीत, तीनशेच्या हिशोबाने पंचवीस-सव्वीस येतात. ओळखीच्या एखाद्या मुलाला वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणून द्यायला सांगितलं तर तेही होतं, आणि त्याला चहा पाजण्यापलीकडे खर्च नाही.

डोळ्यांचं मी जपूनच बोलतो, मी डॉक्टर नाही. ऑपरेशननंतर वाचायचा चष्मा कोणत्या अंतरासाठी काढलाय ते डॉक्टरांना विचारा. टॅब स्टँडवर असला की तो पुस्तकापेक्षा थोडा लांब असतो, आणि चष्मा जवळचा असेल तर आई मान पुढे काढून वाचेल, मग मान दुखेल आणि दोष टॅबला लागेल. पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्याने डोळे कोरडे होतात, म्हणून प्रकरण संपलं की दोन मिनिटं अंगणातल्या माडाकडे बघायचं असा नियम घालून द्या. उजेडाचा फार त्रास होत असेल, पांढरा पडदा टोचतो असं ती म्हणत असेल, तर माझा कौल बदलतो. मग यादी काहीही असो, ई-इंकचा विचार करा. मोठ्या पडद्याचे ई-इंक रीडर असतात, पण ते तुमच्या बजेटच्या कितीतरी पुढे जातात.

फुकट पुस्तकांचा प्रश्न. कायदेशीर फुकट मराठी साहित्य लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, आणि ती साठ वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. हरिभाऊ आपटे आणि राम गणेश गडकरी दोघेही १९१९मध्ये गेले, त्यांचं लेखन केव्हाच खुलं झालं. साने गुरुजी १९५०मध्ये गेले, त्यांचं २०११पासून. पु. ल. देशपांडे २००० साली गेले, त्यामुळे त्यांची पुस्तकं २०६० संपेपर्यंत खुली होत नाहीत. हे गणित लक्षात ठेवलं की व्हॉट्सॲपवर फिरणारी कोणती पीडीएफ चोरीची आहे ते आपोआप कळतं. त्या फिरत्या फाइलींबद्दल मला राग आहे, लपवत नाही. चार महिने खपून तयार केलेलं पुस्तक आठ दिवसांत एका ग्रुपमध्ये दिसलं की काय वाटतं ते आम्हालाच माहीत.

खुलं साहित्य मिळतं तीन-चार ठिकाणी. मराठी विकिस्रोतावरची पुस्तकं स्वयंसेवकांनी टाइप करून, तपासून वाहत्या मजकुरात ठेवली आहेत, आणि ती ईपबमध्ये उतरवता येतात. संख्या मर्यादित, पण दर्जा चांगला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली बरीच प्रकाशनं संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत ठेवली आहेत. चरित्रं, इतिहास, लोकसाहित्य असं काही आई वाचत असेल तर तिथे खजिना आहे. ई-साहित्य प्रतिष्ठान नव्या-जुन्या लेखकांची पुस्तकं त्यांच्या परवानगीने मोफत पीडीएफ म्हणून देतं. जुन्या ग्रंथांची स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर आहेत, तिथे मात्र उतरवण्याआधी मधली दहा पानं चाळून बघा. कुठे पान तिरकं, कुठे अर्धं कापलेलं, कुठे स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. आणि जे सापडलं ते खुलं आहे का हे वरच्या गणिताने तपासा. तिथे सगळंच खुलं नसतं.

विकतच्या पुस्तकांचा एक छोटा हिशोब. मराठी ई-बुक छापील पुस्तकापेक्षा थोडं स्वस्त असतं, फार नाही. महिन्याच्या वर्गणीत हवं तेवढं वाचा अशा योजना दीड-दोनशे रुपयांपासून आहेत, पण वर्गणी भरण्याआधी तीच दहा नावांची यादी तिथे लावून बघा. पुष्कळ नामवंत लेखकांची पुस्तकं वर्गणीत नसतात, वेगळी विकत घ्यावी लागतात. तुमची आई महिन्याला आठ-दहा पुस्तकं वाचणारी, तिला वर्गणी परवडेल. पण नुसत्या संख्येवर जाऊ नका.

हे सगळं एकत्र केलं तर तुमच्यासाठी क्रम असा होतो: आज यादी, उद्यापासून पंधरा दिवस फोनवर चाचणी, मग यादी पीडीएफकडे झुकली तर ८.७ इंची टॅब आणि किंडलकडे झुकली तर वापरलेलं पण ३०० ठिपक्यांचं किंडल. टॅब घेतलात तर वर आठशे-हजार वेगळे धरा: कव्हर, स्टँड आणि मॅट काच. चकचकीत काचेवर खिडकीचं प्रतिबिंब पडतं आणि आई ते पुसत बसते. मॅट काचेने अक्षर किंचित मऊ दिसतं, पण प्रतिबिंब जातं.

टॅब आलाच तर तो चिपळूणला पाठवण्याआधी एक रविवार तुम्ही त्यावर घालवा. पहिल्या पडद्यावरून सगळं काढून टाका, वाचायच्या ॲपशिवाय काही ठेवू नका. व्हॉट्सॲप नको, बँक तर अजिबातच नको. या वयाच्या माणसांना फसवणारे फोन आणि लिंका कशा येतात ते तुम्हाला सांगायला नको, त्या या टॅबवर येऊच नयेत. पीडीएफ आणि ईपबसाठी रीडएरा हे ॲप मी सगळ्यांना लावून देतो. फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि समास कापायची सोय त्यात आहे. पानाचा रंग पिवळसर करा. पडदा आपोआप आडवा-उभा फिरतो ते बंद करा, नाहीतर कुशीवर वळलं की पानही वळतं. वाहत्या मजकुराला अक्षर मोठं ठेवा आणि ओळी दोन्हीकडून सारख्या करू नका, फक्त डावीकडून लावा. आपले शब्द लांब, ‘स्वातंत्र्यसंग्रामातल्या’ एवढा शब्द ओळीत बसला नाही की उरलेले तीन शब्द ओळभर ताणले जातात आणि मधे ही एवढाली भगदाडं पडतात. काही ॲपांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतील. आईने तक्रार केली तर ॲपच्या फॉन्टांतला दुसरा लावून बघा. माझ्या सासूबाईंना तो ‘श’ अजून खपत नाही.

डोळे दमले की ऐकायचीही सोय आहे. अँड्रॉइडवर गूगलचा मराठी आवाज आहे. रेडिओच्या निवेदिकेसारखा नाही, पण कळतो. तो फक्त वाहता मजकूर वाचतो, स्कॅनसमोर गप्प बसतो.

शेवटचं काम फाइलींच्या नावांचं. उतरवलेल्या फाइलींची नावं म्हणजे नुसते आकडे आणि इंग्रजी अक्षरं. ती मराठीत बदला, पुढे क्रमांक घाला, आणि आधी आई ज्या क्रमाने वाचणार त्या क्रमाने लावा. सासऱ्यांना मी नंतर टॅब दिला तेव्हा त्यांनी पहिल्याच आठवड्यात फोन केला, ‘जावईबापू, सातवं संपलं, आठवं उघडत नाहीये.’ आठव्या क्रमांकाची फाइल मी भरायलाच विसरलो होतो.